गोधडी बाळाखाली, बाळावर नको

नागपूर–तुळजापूर महामार्गाने यवतमाळ आणि आर्णी मागे टाकून उमरखेडच्या दिशेने निघालं की वाटेत महागाव लागतं. तालुक्याचं गाव. आजूबाजूला कपाशी, सोयाबीन, तूर आणि मधूनमधून बंजाऱ्यांचे तांडे. दिवाळीच्या सुमारास वेचणीला जोर आला की घरातली एक खोली कापसाने भरते आणि पोरं त्या ढिगावर उड्या मारतात. अशा मुलखात तान्ह्या बाळाला उबेची ददात कशी असेल? लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की आजी पेटीतलं धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं बाहेर काढते. काही घरांत बाळ जन्मायच्या आधी त्याचं काही शिवायचं नाही असा दंडक असतो. तिथे सुई-दोरा पाचवीनंतर निघतो. पण गोधडी होतेच. बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी यांच्याबरोबर तिचा मान ठरलेला.

आता ही गोधडी बाळाच्या खाली घालायची की अंगावर? जगभरातल्या बालरोगतज्ज्ञांचं उत्तर सरळ आहे : वर्षाचं होईपर्यंत झोपलेल्या बाळाच्या अंगावर किंवा आसपास सैल पांघरूण नको. गोधडी नको, रजई नको, उशी नको, कापसाची बाहुली नको. हे ऐकल्यावर कुठलीही आजी विचारेल, पौषातल्या थंडीत लेकराला उघडं टाकायचं काय? तिचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तज्ज्ञांचं उत्तरही पुस्तकी नाही. दोघांच्या डोळ्यांसमोर दोन वेगवेगळी संकटं आहेत, एवढंच.

आजीच्या डोळ्यांसमोर असते ती थंडी. नवजात बाळाचं वजन थोडं, पण त्या मानाने कातडीचा पसारा मोठा. एकट्या डोक्याचाच वाटा शरीराच्या पृष्ठभागात सुमारे एक पंचमांश. कातडीखाली चरबी पातळ. मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब निर्माण करणं त्याला जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नवजात बाळाचं तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असावं; त्याखाली गेलं की बाळ गार पडू लागलं असं समजायचं. कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ तर पाहता पाहता गार पडतं, मग दूध ओढत नाही, दूध न मिळाल्याने आणखी गार पडतं.

याचा पुरावा विदर्भातच मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातल्या 39 गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बाईला ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवायचं, तिने बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन आणि तापमान बघायचं, श्वास मोजायचा, ऊब आणि अंगावरचं दूध यांची काळजी घ्यायची, जंतुदोष ओळखून उपचार करायचे. या गावांतला नवजात मृत्युदर, शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात ते निष्कर्ष छापून आले आणि 2011 पासून हीच पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांकडे गेली. आशाताईच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळाबरोबर बाळासाठी एक ब्लँकेटही असतं, ते या कामाची आठवण म्हणून समजायला हरकत नाही. थोडक्यात, ऊब हे औषध आहे या आजीच्या म्हणण्यावर विज्ञानाची मोहोर आहे.

दुसरं संकट मात्र आवाज न करता येतं. रात्री दूध पिऊन चांगलं झोपलेलं, न ताप न खोकला असं बाळ सकाळी उठतच नाही. पाश्चात्त्य देशांत याला पूर्वी ‘पाळण्यातला मृत्यू’ म्हणत. असे बहुतेक मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत होतात आणि दुसरा ते चौथा महिना सर्वांत जोखमीचा. कारण एकच एक सापडलेलं नाही, पण काय घडत असावं याचा अंदाज आता बराच पक्का झाला आहे. तोंडाजवळ मऊ पांघरूण असलं की बाळ सोडलेली हवा तिथेच कोंडते आणि तीच पुन्हा आत जाते. तिच्यात कार्बन डायऑक्साइड वाढलेला, ऑक्सिजन घटलेला. मोठा माणूस अशा वेळी दचकून जागा होतो, तोंड वळवतो, हाताने पांघरूण ढकलतो. दोन-तीन महिन्यांच्या काही बाळांची ही जागं होण्याची यंत्रणाच कच्ची असते. त्यात अंग तापलेलं असेल तर झोप आणखी गाढ. अशा मृत्यूंच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा जवळपास एक चतुर्थांश बाळांचं डोकं पांघरुणाने झाकलेलं आढळलं होतं. त्याच वयाच्या सुखरूप बाळांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

पाश्चात्त्यांनी या बाबतीत जी चूक केली ती आपण केली नाही. अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक घरोघरी वाचलं जाई. पन्नासच्या दशकातल्या आवृत्तीपासून त्यात बाळाला पालथं झोपवायचा सल्ला आला; उताणं बाळ ओकलं तर गुदमरेल, हे कारण. सल्ला पटण्यासारखा होता आणि चुकीचा होता. नेदरलँड्समध्ये सत्तरच्या दशकात पालथं झोपवण्याची लाट आली आणि मृत्यू वाढले. न्यूझीलंडमध्ये 1987 ते 1990 या काळात मोठा अभ्यास झाला, त्याने पालथ्या झोपेवर बोट ठेवलं. ब्रिटनने 1991 मध्ये आणि अमेरिकेने 1994 मध्ये ‘बाळाला पाठीवर झोपवा’ अशी मोहीम काढली, आणि अमेरिकेत हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. ना औषध, ना लस, ना यंत्र. पुढे 2005 साली संशोधकांनी जुने सगळे अभ्यास पुन्हा तपासून दाखवलं की 1970 पर्यंतच पुरेसा पुरावा जमा झालेला होता. तो तेव्हाच नीट वाचला असता तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान 50 हजार बाळं वाचली असती.

मराठी घरातलं बाळ पिढ्यान्‌पिढ्या पाठीवरच झोपत आलं. हल्ली मात्र ‘पालथं टाकलं की गॅस सुटतो, शांत झोपतं’ असा सल्ला मोबाइलवरून फिरताना दिसतो. शांत झोपतं हे खरं, आणि धोका नेमका त्या गाढ झोपेतच आहे. ओकारी घशात अडकेल या भीतीला शरीररचनेचं उत्तर आहे. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध आपल्या वजनाने अन्ननलिकेतच परत उतरतं. पालथं केलं की हा क्रम उलटतो. कुशीवर झोपवणं हाही मधला मार्ग नव्हे, कारण कुशीवरून पालथं व्हायला बाळाला फार कष्ट पडत नाहीत. पालथं ठेवायचंच असेल तर दिवसा, बाळ जागं असताना, कोणीतरी समोर बसून. त्याने मान धरायलाही मदत होते.

आपल्या घरातला खरा प्रश्न अंथरूण-पांघरुणाचा आहे. म्हणून गोधडीकडे जरा जवळून पाहायला हवं.

सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर लुगड्याचा पाट पसरतात. हाताने सुरकुत्या काढून चार कोपऱ्यांवर दगड नाहीतर वरवंटा ठेवतात. मग जुन्या धोतराचे, लुगड्याचे, सदऱ्याच्या पाठीचे सुती तुकडे एकमेकांना भिडवत थर लावायचा; तुकड्यावर तुकडा चढला तर तिथे गाठोडं होतं, ते अंगाला टोचतं, म्हणून बायका बोटाने चाचपत जातात. वरून दुसरा पाट. कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात आत आत सरकत मधोमध संपतो. दोन ओळींत बोटभर अंतर. शिवणारी बाई गोधडीवरच बसलेली असते, तिच्या वजनानेच थर दाबले जातात. बाळाची गोधडी तीन-चार पदरांची, हात-दीड हात लांबीची.

या शिवणकामात एक गोष्ट आपोआप साधते. टाक्यांच्या दाट ओळींनी पदर एकमेकांना जखडले जातात, मध्ये हवा भरून फुगायला जागा उरत नाही. अशी जुनी, घट्ट, सुती गोधडी जमिनीवर किंवा लाकडी तख्तावर ताणून अंथरली तर बाळाचं डोकं तिच्यात रुतत नाही. बाळाच्या अंथरुणाची परीक्षाही हीच : तळहात दाबून उचलला की खळगा राहता कामा नये. अमेरिकी तज्ज्ञ गोधडी बाळाखालीही नको म्हणतात. त्यांच्यासमोर असते ती फुगीर, भरावाची रजई. आपल्या पातळ गोधडीला खाली जागा द्यायला हरकत नसावी, पण अटी पाळून. एकच घडी, सपाट, कडा चटईखाली किंवा गादीखाली खोचलेल्या, सुटलेला दोरा नाही, लोंबणारी झालर नाही.

याच निकषावर कापसाच्या मुलखातली सर्वांत लाडाची वस्तू मात्र नापास होते. घरच्या कापसाची, पिंजाऱ्याकडून नव्याने पिंजून घेतलेली गुबगुबीत गादी. नातवासाठी ती हौसेने भरून घेतात, आणि पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या तोंडाला तिच्याइतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही. आठवडी बाजारातलं केसाळ ब्लँकेटही तितकंच वाईट. ते जड, त्यातून हवा खेळत नाही आणि घाम टिपला जात नाही. आता गोधड्याही नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्यांच्या होऊ लागल्या आहेत, कारण घरात सुती लुगडंच उरलेलं नाही. दिसायला त्या झकास. बाळासाठी त्या टाळाव्यात.

 कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. कोपऱ्यात घडी घातलेल्या कापडाची ‘फुलं’ लावल्याशिवाय कवंदी उघडी-नागडी वाटते असं त्या मानतात. पाळण्यातल्या बाळांसाठीही त्या छोट्या कवंद्या करतात. फुलं मोठ्यांच्या पांघरुणाला शोभून दिसतात. बाळाच्या अंथरुणात ती तोंडात जाणारी वस्तू ठरतात, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

वऱ्हाडीत ज्याला ‘पायना’ म्हणतात तो सपाट तळाचा पाळणा चांगला. साडीचा झोका हा वेगळा प्रकार. त्यात बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दुमडते. वरून साडीचे दोन्ही पदर तोंडावर मिटतात. शेतात वेचणीला गेलेल्या आईला बाभळीच्या फांदीखेरीज दुसरी सोय नसते हेही खरंच, आणि साप-विंचवापासून झोका वाचवतो. तेव्हा दिवसा, नजरेसमोर, थोड्या वेळासाठी झोका. रात्रीच्या झोपेला नाही. थोडं मोठं, उठून बसू लागलेलं मूल तर झोक्यात एकटं सोडूच नये. साडीचा फास लागल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असतात. ढिली पडलेली सुतळीची बाज हाही एक प्रकारे झोकाच. मध्ये खोल जाते, आणि बाळ आईच्या अंगाखाली घरंगळतं.

मोहरीची उशी तर घराघरात असते, डोकं गोल व्हावं म्हणून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 साली बाळाचं डोकं घडवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या उशांविरुद्ध इशारा दिला. अशा उशांनी गुदमरण्याचा धोका वाढतो. बाळाचं डोकं एका बाजूने चपटं झालं तर झोपवताना मानेची बाजू रोज बदलावी, आणि जागेपणी पालथं खेळवावं. बहुतेक बाळांचं डोकं ती बसू लागली की आपोआप भरून येतं.

आईजवळ झोपवावं की नाही, यावर परदेशात कडाक्याचे वाद आहेत. अमेरिकेतले तज्ज्ञ म्हणतात, खोली एक पण अंथरूण वेगळं. महागावच्या दोन खोल्यांच्या घरात वेगळा पाळणा ठेवायचा कुठे हा प्रश्न आहे, आणि रात्री चार वेळा पाजायचं तर बाळ हाताशीच लागतं. इथे ब्रिटनमधला अनुभव उपयोगी पडतो. तिथल्या दक्षिण आशियाई कुटुंबांत बाळं आईच्या खोलीत, बहुधा आईजवळच झोपतात, तरी त्यांच्यात असे मृत्यू गोऱ्या कुटुंबांपेक्षा कमी आढळले. ब्रॅडफर्ड शहरात याचा बारकाईने अभ्यास झाला. या आया सिगारेट ओढत नाहीत, दारू पीत नाहीत, बहुतेक जणी अंगावर पाजतात आणि बाळाला वेगळ्या खोलीत एकटं टाकत नाहीत. म्हणजे आईजवळच्या झोपेला काही अटी जोडलेल्या आहेत, आणि विदर्भात त्या अटी उघडपणे बोलायला हव्यात. दारू प्यालेला माणूस बाळाच्या अंथरुणात झोपणार नाही, मग तो बाप असला तरी. बाळाजवळ विडी-सिगारेट नाही. खर्रा आणि तपकीर यांचा धूर होत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीत. गरोदरपणात तंबाखू कुठल्याही वाटेने गेली तरी बाळ कमी वजनाचं होतं, आणि कमी वजनाच्या बाळाला झोपेतला धोका जास्त. बाळंतिणीच्या बाजेखालची धुमसती शेगडी आणि ओव्या-शोप्याची धुरी यांचाही त्यात समावेश करायला हवा. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला दिवसा आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवावं, आई जागी असताना. रात्री त्याची जागा शेजारी पण वेगळी.

परंपरा मोडीत न काढता तिला सुरक्षित करता येतं, याचं फार सुंदर उदाहरण न्यूझीलंडमध्ये आहे. माओरी समाजात आईजवळ झोपवण्याची रीत पूर्वापार आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त. ‘वेगळं झोपवा’ हा सरकारी उपदेश तिथे कोणी ऐकेना. तेव्हा 2006 च्या सुमारास डॉ. डेव्हिड टिपेने-लीच आणि माओरी विणकर बायकांनी ‘वाहाकुरा’ पुढे आणली : तिथल्या हाराकेके या वनस्पतीच्या पातींची विणलेली, सपाट तळाची छोटी टोपली. ती आईच्या अंथरुणातच ठेवायची. बाळ जवळही राहतं आणि त्याच्या तोंडाशी पांघरूणही येत नाही. फिनलंडने तर 1938 पासूनच गरीब बाळंतिणींना आणि 1949 पासून सर्वांना कपड्यांचा खोका दिला. तळाशी गादी असलेला हाच खोका कित्येक बाळांचं पहिलं अंथरूण झाला. आपल्या राज्यानेही 26 जानेवारी 2019 पासून सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या आईला ‘बेबी केअर किट’ द्यायला सुरुवात केली. त्यात लहान गादी, ब्लँकेट, मच्छरदाणी आणि थर्मामीटर असतं. कल्पना उत्तम. पण गादी आणि ब्लँकेट कसं वापरायचं, कुठवर पांघरायचं, हे त्या पिशवीसोबत कोणी सांगितलं नाही तर अर्धं काम राहून जातं.

महागावसारख्या तालुक्यात याहून नेमकी वस्तू घडू शकते. बंजारा बायकांच्या हातात फेटिया-काचळीवरची कशिदाकारी आहे, गोधडीचा टाका घरोघरी आहे, सरकारच्या ‘उमेद’ अभियानाचे बचत गट आहेत. त्यांनी बाळाची गोधडी पिशवीच्या रूपात शिवावी. दोन पदरांची सुती, बिनबाह्यांची, मानेशी आणि खांद्याशी बेताची म्हणजे डोकं आत घसरणार नाही, पायाशी ऐसपैस म्हणजे बाळाला लाथा झाडता येतील. बाळ ती अंगात घालतं, त्यामुळे ती तोंडावर सरकत नाही. पाश्चात्त्य बाजारात अशा पिशव्या महाग मिळतात. जुन्या लुगड्यातून ती एका दुपारचं काम आहे.

तोवर पांघरायचंच असेल तर ब्रिटनमध्ये सांगतात ती पद्धत धरावी. एकच पातळ पांघरूण, काखेपर्यंत, दोन्ही बाजूंनी आणि पायाशी घट्ट खोचलेलं. बाळाचे पाय अंथरुणाच्या पायथ्याला टेकलेले, म्हणजे ते खाली सरकून आत जाणार नाही. दुपट्यात गुंडाळताना छातीशी दोन बोटं सहज शिरावीत, पाय मोकळे राहावेत. बाळ वळायला लागलं की गुंडाळणं बंद.

ब्रिटनमधल्या आरोग्यपत्रकांत बाळाच्या खोलीचं तापमान 16 ते 20 अंश असावं असंही लिहिलेलं असतं. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडून जातो, तेव्हा या आकड्याला हात जोडावेत आणि बाळाला नुसत्या सुती झबल्यात ठेवावं. बाहेर लू वाहत असतानाही ‘वारं लागेल’ म्हणून टोपडं, मोजे आणि दुपटं चढवलेली बाळं दिसतात, घामोळ्यांनी फुललेली. मोठ्या माणसाला त्या खोलीत जितके कपडे बरे वाटतात त्यापेक्षा एखादा पदर जास्त, हे साधं माप. पहिल्या महिन्यात बाळाचं पोट आणि तळपाय हात लावून बघावेत. दोन्ही कोमट तर ठीक; पाय गार आणि पोट कोमट असेल तर छातीशी घ्यावं; दोन्ही गार असतील तर वेळ न दवडता दवाखाना. पुढे मानेमागे हात लावावा. तिथे घाम असेल तर एक कपडा उतरवावा. घरात झोपताना टोपडं काढावं.

आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. त्यानंतरची तिची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात, 2018 पासून सुरू झालेल्या कार्यक्रमात. झोपेतल्या मृत्यूची जोखीम सर्वांत जास्त असते ते आठवडे यातल्या बऱ्याच अंशी रिकाम्या जागेत येतात. म्हणून बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीत वजनकाटा पिशवीत परत जाण्याआधी तिला बाळाचं अंथरूण दाखवावं : बाळ कुठे झोपतं, खाली काय असतं, अंगावर काय, शेजारी कोण. बाळ दूध ओढेनासं झालं, गार पडलं, किंवा श्वासाची लय बिघडली तर वर्षापर्यंतच्या आजारी बाळासाठी 102 ची गाडी मोफत आहे, आणि बाळ निळसर पडलं तर 108.